कोराबिनचा बोलका आरसा

आत्मविश्वास हा सर्व विद्येचा पाया आहे, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. त्या पायाखाली काय असतं, हे मात्र अजून कुठल्याही खात्याने परिपत्रक काढून कळवलेलं नाही. त्यामुळे इमारती वर चढत राहतात आणि खाली वाकून बघायची वेळ कोणावर येत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं कोराबिन हे या बाबतीत फार मागासलेलं गाव. तिथे गहू होतो, मेंढ्या होतात आणि कौतुक जवळजवळ होतच नाही. कौतुकाचे तिथे एकूण तीन दर्जे आहेत: ‘चालेल’, ‘वाईट नाही’ आणि ‘अजिबात वाईट नाही’. तिसरा दर्जा सहसा मयताच्या वेळी वापरतात (तोही विधवेला विचारून). मेंढ्यांची लोकर कातरणारा क्लाइव्ह मुंकल एकदा पबमध्ये चौथ्या ग्लासानंतर म्हणाला होता, ‘मी कातरतो मात्र चांगलं हं.’ ते खरंही होतं. पण त्या संध्याकाळपासून गाव त्याला ‘महाराज’ म्हणू लागलं. तो गेला तेव्हा त्याच्या थडग्याच्या दगडावर नावापुढे कंसात ‘महाराज’ कोरायला बायकोने परवानगी दिली, कारण नुसता क्लाइव्ह म्हटलं असतं तर कोण गेलं ते गावाला कळलं नसतं.

अशा गावातल्या शाळेकडे एक दिवस ‘विद्यार्थी स्वश्रद्धा निर्देशांक’ येऊन पोचला.

निर्देशांक काढायची पद्धत अत्यंत शास्त्रीय होती. कागदावर पाच गोल चेहरे होते; पहिला रडका, शेवटचा दात दाखवणारा. वर वाक्य होतं, ‘मी उत्तम विद्यार्थी आहे.’ आपल्याला पटेल त्या चेहऱ्यावर मुलांनी खूण करायची. कोराबिनच्या मुलांनी आईबापांच्या वळणाने मधला चेहरा निवडला. दात दाखवणारा चेहरा निवडणं म्हणजे जत्रेत बक्षीस मिळालेल्या बोकडाची फीत स्वतःच्या गळ्यात घालून फिरणं. ॲडलेडहून नव्याने आलेल्या एका मुलाने तो निवडला होता. मधल्या सुट्टीत त्याला चौघांनी अत्यंत आदराने विचारलं, ‘काय साहेब, आज आमच्यात कसे?’ सुट्टी संपल्यावर त्याने बाईंकडे खोडरबर मागितलं.

निकाल लागला. कोराबिनची शाळा राज्यात शेवटून पहिली आली. मुलांची गणितं राज्याच्या बरोबरीने सुटत होती, ही गोष्ट अहवालात दडवलेली नव्हती. फक्त ती ‘आत्मविश्वास नसताना मिळालेलं यश’ या सदरात घालून एकूण गुणांतून वजा केली होती.

ही बातमी मुख्याध्यापक डेरिल नोस्के यांनी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवली, तेव्हा रॉझलिन शिर्मर बिस्किट चहात बुडवत होती. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग ती वीसेक वर्षं सांभाळत होती. बातमी ऐकता ऐकता बिस्किटाचा अर्धा भाग चहात पडला, आणि पुढच्या साऱ्या प्रकारात वाया गेलेली ती पहिली गोष्ट.

‘शेवटून पहिले?’ रॉझ म्हणाली. ‘मग पहिला शब्द आहे की त्यात.’

‘थट्टा नको, रॉझ. शहरातून माणूस पाठवतायत.’

‘कशाला?’

‘आपल्याला बरं वाटायला.’

रॉझला त्या वेळी एकाच गोष्टीची चिंता होती आणि तिचं नाव किरा लेहमन. वय नऊ. किरा हिशेबात पक्की, झाडावर चढण्यात पक्की, वाचनात मात्र अक्षरं तिच्यापुढे मेंढ्यांसारखी चौफेर उधळायची. जेवणानंतर बाकीची मुलं सावलीत आपापलं वाचत बसत, तेव्हा रॉझ तिला घेऊन आवारातल्या जुन्या झाडाखालच्या पायरीवर बसे. पाऊण तास नव्हे, पंधरा-वीस मिनिटं. किरा वाचायची, रॉझ ऐकायची, आणि चुकलं की एकच शब्द म्हणायची: ‘पुन्हा.’

पुस्तक किराने स्वतः निवडलं होतं. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांना कसं तयार करावं, याचं. तिला वाढदिवसाला केल्पी जातीचं पिल्लू मिळालं होतं, स्पॅनर. पुस्तक तिच्या मोठ्या भावाने, ब्रॉडीने, वाचून दाखवायची सोय होती. पण ब्रॉडीच्या वाचनात काहीतरी काळंबेरं आहे, असा तिला दाट संशय होता.

‘तो वाचतो की शीळ वाजवून झाल्यावर मालकाने स्वतः मेंढ्यांमागे पळायचं आणि कुत्र्याला विश्रांती द्यायची. बाई, असं कुठे असतं का?’

‘तू काय केलंस?’

‘पळाले. स्पॅनर बसून बघत होता. बाबा म्हणाले, कुत्रा वाईट नाही, पोरगी बरी वळवतो.’

म्हणून तिला स्वतः वाचायचं होतं. रॉझला माहीत होतं की ही वेळ नाजूक आहे. नऊ वर्षांचं मूल अडखळत का होईना, कोणासमोर तरी वाचतं. एखाद वर्षात ते लाजायला शिकतं आणि मग पुस्तक उघडतच नाही. मोठेपणी ते पुस्तक न उघडण्याची हजार कारणं सांगू शकतं, आणि ती ऐकून समोरच्यालाही पटतात.

‘बाई, हा शब्द फार लांब आहे. माझ्या हातात येईना.’

‘मेंढी कशी धरतेस? समोरून धावून जातेस का?’

‘मागचा पाय धरते.’

‘मग याचाही मागचा पाय धर. शेवटाकडून ये.’

असं करत निम्मं पुस्तक झालं होतं. पुस्तकातला कुत्रा अजून मेंढ्यांपर्यंत पोचला नव्हता, पण कुंपणापाशी आला होता.

तेवढ्यात शहरातून इमोजेन फेअरवेदर आली. ती विश्वासवर्धन अधिकारी होती. मनाने ती फार चांगली होती, आणि पुढच्या सगळ्या अडचणी त्यातूनच निघाल्या. वाईट माणसाला निदान कंटाळा तरी येतो.

इमोजेनने पहिल्या दिवशी शाळेतल्या वेळेची पाहणी केली. जेवणानंतरची वीस मिनिटं तिला ‘उद्दिष्टहीन’ आढळली. एक मूल वाचतंय, एक बाई ऐकतेय. आकृतीत दाखवता येईल असं त्यात काही घडत नव्हतं. शिवाय बाई मुलीला दर दोन ओळींनी थांबवत होती.

‘तुम्ही तिला “पुन्हा” म्हणता, तेव्हा तिला काय ऐकू येत असेल?’ इमोजेनने हळुवारपणे विचारलं.

‘पुन्हा,’ रॉझ म्हणाली.

‘तिला ऐकू येतं: तू कमी पडलीस.’

रॉझने किराकडे पाहिलं. किरा पुस्तकात बोट ठेवून, चेहरा आक्रसून, एका शब्दाचा मागचा पाय धरत होती. तिला काहीच ऐकू येत नसावं.

त्या वीस मिनिटांच्या जागी ‘विश्वासवेळ’ सुरू झाली. तिच्याबरोबर हानिकारक शब्दांची बंदी आली. ‘चूक’ म्हणायचं नाही, ‘वेगळ्या दिशेने निघालेलं उत्तर’ म्हणायचं. ‘येत नाही’ म्हणायचं नाही, ‘येण्याच्या वाटेवर आहे’ म्हणायचं (गृहपाठ घरी विसरलेल्यांना हे वाक्य फार उपयोगी पडलं). ‘पुन्हा’ पूर्ण बंद. ‘वाईट नाही’ हा शब्दप्रयोग तर भावनिक उपासमारीत मोडतो, असं डेरिल नोस्के यांना लेखी कळवण्यात आलं. त्यांनी ते वाचून ‘चालेल’ असा शेरा मारला आणि त्याबद्दल त्यांना समज देणारं वेगळं पत्र आलं.

मुख्य उपकरण म्हणजे आरसा. चाकांच्या चौकटीत बसवलेला, माणूसभर उंचीचा, कपड्यांच्या दुकानात असतो तसा. प्रत्येक मुलाने रोज त्याच्यापुढे उभं राहून स्वतःच्या डोळ्यांत बघत म्हणायचं: ‘मी उत्तम विद्यार्थी आहे. मला येतं.’

पहिला आठवडा हृदयद्रावक गेला. कोराबिनच्या मुलांना जन्मात अशी लाज वाटली नव्हती. एकाला उचकी लागली. एक मुलगी खेळाच्या सामानाच्या खोलीत आतून कडी लावून बसली. ग्रोश्यांच्या टायसनने आरशाच्या चौकटीची स्तुती केली, लाकूड चांगलं आहे म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला. डेरिलच्या घरी उतरलेली इमोजेन रात्री त्याच्या बायकोपाशी म्हणाली की इतकी खोल जखम झालेली मुलं तिने पाहिली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात टायसन आरशापुढे गेला, केस नीट केले आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाला, ‘मी थोर आहे. मी इतका थोर आहे की मला बघून मेंढ्या आपण होऊन लोकर उतरवतात.’

मग पुढचा उठला. ‘मी या वर्गातलाच नाही, या गोलार्धातला सर्वोत्तम विद्यार्थी आहे. दुसऱ्या गोलार्धाला अजून कळवलेलं नाही, त्यांना उगाच वाईट वाटेल.’ त्याच्यानंतरच्या मुलीने जाहीर केलं की भागाकार तिला विचारून केले जातात.

कोराबिनमध्ये एखाद्या गोष्टीची टर उडवायची असेल, तर गंभीर चेहऱ्याने तिच्याशी सहमत होतात. ही रीत शहरात पोचलेली नव्हती. इमोजेनने चष्मा काढून डोळे पुसले आणि ‘भावनिक मुक्ती: संपूर्ण वर्ग’ अशी नोंद केली.

लवकरच ही साथ शाळाभर पसरली. घंटा वाजवणारा मुलगा ‘जगातली सर्वात अचूक घंटा’ असं ओरडून घंटा देऊ लागला. डबे खाताना मुलं एकमेकांच्या सँडविच चावण्याच्या शैलीचं अभिनंदन करत. पुन्हा चेहऱ्यांचे कागद आले, तेव्हा शाळेने दात दाखवणारा चेहरा एकमुखाने निवडला. कित्येकांनी शेजारी आणखी मोठे दात असलेला सहावा चेहरा स्वतः काढला. निर्देशांक एकशे चार टक्के आला. वरचे चार टक्के कुठून आले, असा प्रश्न एका नव्या कारकुनाने उपस्थित केला होता. त्याच्या स्वतःच्या आत्मविश्वासाची तपासणी सुरू आहे, असं समजतं.

सगळे खूष होते. मुलांना रोज फुकटचा तमाशा होता, इमोजेनला यश होतं, डेरिलला नवं छप्पर मंजूर झालं होतं. या साऱ्या शाळेत विनोद न कळलेली मुलगी एकच होती.

‘किरा, पुस्तक कुठाय?’

‘घरी. आता लागत नाही बाई. मी वाचक आहे.’

‘कोण म्हणालं?’

‘मीच म्हणाले. आरशात. आणि इमोजेन म्हणाली, माझा आवाज फार छान ठाम येतो.’

‘आणि स्पॅनर?’

‘त्याचं ब्रॉडी वाचून सांगतो. मला येतं, पण ब्रॉडी भरभर वाचतो.’

रॉझ त्या दुपारी डेरिलच्या खोलीत गेली. दार लावलं. ‘डेरिल, ती पोर वाचायची बंद झाली.’

‘अगं, तिचेच गुण सगळ्यांत वाढलेत. सातवरून शंभर!’

‘कशात?’

डेरिलने कागद खालीवर पाहिला. ‘वाढण्यात,’ तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. ‘हे बघ, मलाही कळतंय. पण छप्पर गळतंय, रॉझ. तुझ्याच वर्गावर गळतंय. बक्षीस समारंभ होऊ दे, मग बघू.’

‘मग बघू’ हा शिक्षणशास्त्रातला अत्यंत टिकाऊ सिद्धान्त आहे. त्यावर कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या आहेत.

समारंभाला शहरातून शिक्षण खात्याचे संचालक आले. आवारात सॉसेज भाजले जात होते, आयांनी खोबऱ्याचे लॅमिंग्टन केक करून आणले होते (‘फसलेत जरा,’ असं प्रत्येकीने सांगितलं, एकही फसलेला नव्हता). शाळेला निळा झेंडा मिळाला. मग इमोजेनने किराला पुढे बोलावलं. राज्यातल्या सर्वात घाबरट शाळेतली सर्वात घाबरट वाचक आज आपल्यापुढे वाचून दाखवेल, असं ती म्हणाली.

किराने पुस्तक उघडलं. मान ताठ, आवाज खणखणीत. ‘कुत्र्याला कुंपणाच्या आत नेण्याआधी,’ ती वाचू लागली, ‘मालकाने आपल्या वाटणीचं आईस्क्रीम मोठ्या भावाला द्यावं. त्यामुळे कुत्र्याच्या मनात आदर निर्माण होतो. रविवारी भांडीही मालकानेच घासावीत. मेंढ्यांना हे दिसतं.’

एकदाही न अडखळता तिने पान संपवलं. संचालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ‘काय तो आवाज!’ ते म्हणाले. त्यांच्या मागे सगळं गाव उभं राहिलं, कारण बसून राहणं म्हणजे चारचौघांत उठून दिसणं. काय वाचलं गेलं ते टायसनला कळलं आणि त्याला पहिल्यांदाच थट्टा करावीशी वाटली नाही. मागच्या रांगेत ब्रॉडी लेहमनचा चेहरा सॉसेजवरच्या टोमॅटो सॉससारखा झाला होता.

रॉझने तोंड उघडलं आणि मिटलं. बंदी होती. शिवाय आख्ख्या गावासमोर मुलीला कोण थांबवणार?

माणसं पांगल्यावर किरा पायरीवर येऊन बसली. पुस्तक मांडीवर होतं.

‘बाई, त्या पानावर आईस्क्रीम नाहीये.’

रॉझ तिच्या शेजारी पायरीवर टेकली.

‘आईस्क्रीम मला वाचता येतं. दुकानाच्या पाटीवर रोज बघते. ब्रॉडीने वाचून सांगितलं तसं पाठ केलं, मग घरी सगळं पान शोधलं, कुठेच नाही. म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हटलं. मला वाटलं, कोणीतरी थांबवेल.’ तिने नाक मनगटाला पुसलं. ‘सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीसुद्धा वाजवल्यात.’

‘वाजवल्या,’ रॉझ म्हणाली.

‘तुम्हाला कळलं नव्हतं?’

‘कळलं होतं.’

‘मग?’

या ‘मग’चं उत्तर विश्वासवर्धनाच्या संपूर्ण साहित्यात कुठे दिलेलं नाही. रॉझने वीस वर्षांच्या नोकरीत ऐकलेला तो सर्वात कठीण प्रश्न होता, आणि तो विचारणाऱ्या मुलीला अजून लांब शब्द वाचता येत नव्हते.

सोमवारपासून कोराबिनच्या विश्वासवेळेत एक छोटा बदल झाला. आरसा भिंतीपासून जरा पुढे ओढला गेला आणि त्याच्या मागे एक खुर्ची गेली. किराची पाळी आली की ती आरशापुढे मांडी घालून बसे, पुस्तक उघडे आणि वाचायला लागे. नेमून दिलेलं वाक्य म्हणून झाल्यावर मुलाने आरशाशी आणखी काय बोलावं याबद्दल परिपत्रकात काही म्हटलेलं नव्हतं. फक्त बोलावं, आणि स्वतःकडे बघून बोलावं. किरा दर ओळीनंतर नियमाप्रमाणे एकदा वर बघत असे.

आणि आरशामागून हलक्या आवाजात येई: ‘पुन्हा.’

‘बाई, याचा मागचा पाय सापडत नाही.’

‘आरशाला बाई म्हणू नये,’ आरसा म्हणे. ‘शोध. असतो.’

तिच्या मागोमाग आणखी दोघे-तिघे पुस्तकं घेऊन येऊ लागले. टायसन ग्रोश आला तेव्हा फार तोऱ्यात होता. ‘मी आपला आरशाला सोबत म्हणून आलोय,’ तो म्हणाला आणि पहिल्याच ओळीत अडला. इतके दिवस एवढी भाषणं ठोकणाऱ्या त्या मुलाला ‘बोकड’ आणि ‘बादली’ यांत फरक दिसत नव्हता, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. इतका विनोदी मुलगा. त्याला वाचायला कोण सांगणार?

आता कोराबिन ही आदर्श शाळा असल्यामुळे पाहुणे येत. त्यांच्या देखत प्रयोग होई. एक मूल आरशापुढे बसून सगळी विश्वासवेळ स्वतःशी वाचतं, घाम पुसतं, चिडतं, पुन्हा वाचतं. आणि आरसा अधूनमधून उत्तर देतो! पाहुण्यांनी आरशामागे डोकावून पाहिलं नाही. आरशापुढे आलेला माणूस सहसा आरशातच बघतो.

किराचं पुस्तक संपलं तेव्हा इमोजेनही तिथे होती. शेवटची ओळ वाचून किराने पुस्तक मिटलं आणि आरशाकडे बघत बसून राहिली.

‘कसं झालं?’ तिने विचारलं.

‘वाईट नाही,’ आरसा म्हणाला.

पोरगी या कानापासून त्या कानापर्यंत हसली. कागदावरच्या पाचव्या चेहऱ्यालाही तितके दात नव्हते. इमोजेन बराच वेळ त्या हसण्याकडे बघत उभी राहिली. मग ती आरशाच्या कडेने चालत मागे गेली. खुर्चीत गुडघ्यावर गुडघा टाकून एक थकलेली बाई बसली होती.

इमोजेनने वही काढली.

‘हे मला लिहावं लागेल,’ ती म्हणाली.

‘लिही की,’ रॉझ म्हणाली. ‘खुर्ची जरा मऊ हवी, तेही लिही.’

इमोजेनने खरोखरच सगळं लिहिलं. मन चांगलं होतं, हे आधी सांगितलंच आहे. अहवाल वर गेला, त्यावरच्या टेबलावर गेला, आणि जसजसा वर गेला तसतसा थोडक्यात होत गेला. शेवटी राज्यातल्या सर्व शाळांना आदेश निघाला की वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी प्रत्येक शाळेने एक आरसा भिंतीपासून पुढे ओढून ठेवावा. आरशाची उंची, चाकांचा व्यास आणि मागे सोडायची मोकळी जागा, सगळं त्यात होतं. त्या जागेत कोणीतरी बसायचं आहे, एवढं वाक्य जागेअभावी गळलं.

शाळाशाळांत आरसे पोचले आहेत. मुलं त्यांच्यापुढे पुस्तक धरून बसतात, एखादी ओळ वाचतात आणि कान देऊन थांबतात. सध्या एवढंच चालू आहे.

स्पॅनर आता मेंढ्या वळवतो. किराला पळावं लागत नाही.

ही कथा वाचायला तुम्हाला साधारण किराच्या एका बैठकीएवढा वेळ लागला असेल. एवढा वेळ कोणाकडे असतो, असं आपण नेहमी म्हणतो, तेवढाच. मघाशी, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदाच्या सुमारास, तुमच्या घरातलं एक मूल पुस्तक घेऊन दारापाशी आलं होतं. त्याने विचारलं, ‘वाचून दाखवू?’ तुम्ही मान वर न करता अगदी प्रेमाने म्हणालात, ‘शाब्बास.’